व्हिडिओ-चित्रणाचा मोफत वर्ग : एक विचार

आपल्या न्यासाच्या महोत्सवी वर्षात कोणते नवे कार्य हाती घ्यावे, याविषयी सभासदांकडून अनेक सूचना आल्या. बेकार व अल्प उत्पन्नाच्या तरुण-तरुणींसाठी व्हिडिओ-चित्रणाचा मोफत वर्ग काढावा, या सूचनेवर त्यांत सर्वाधिक चर्चा झाली. "आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग शिकवायचे काय?" असे काही ज्येष्ठांनी विचारले. दुसरे म्हणाले, "खोली आपली, शिक्षक ओळखीचे, फी घेतली नाही की झाले." या दोन्ही मतांचा येथे थोडा विचार करू.

पहिल्या शंकेचे निरसन अवघड नाही. लेखणी घरोघरी असते, म्हणून अर्ज प्रत्येकाला लिहिता येतोच असे नाही. हौशी माणसाने घेतलेले चित्रण पाहावे : कॅमेरा सारखा हलतो, बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी असल्याने चेहरा काळा पडतो आणि रस्त्याच्या गोंगाटात शब्द बुडून जातात. कॅमेरा दहा अंक मोजेपर्यंत स्थिर धरणे, उजेड तोंडावर घेणे, मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या जवळ नेणे आणि तासाभराच्या चित्रणातून कामाची पाच मिनिटे निवडून जोडणे, म्हणजेच संकलन, या चार गोष्टी शिकाव्याच लागतात. त्या सरावाने येतात. त्यांना पदवी लागत नाही. फार काय, अक्षरओळखही लागत नाही.

ही अतिशयोक्ती नव्हे. श्रीमती इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत स्थापन केलेली 'सेवा' ही कष्टकरी स्त्रियांची संघटना आपणांस ऐकून ठाऊक असेल. १९८४ साली तेथे अमेरिकेच्या मार्था स्टुअर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे २० स्त्रियांना तीन आठवडे व्हिडिओचे शिक्षण देण्यात आले. त्यांत भाजी विकणाऱ्या स्त्रिया होत्या, निरक्षरही होत्या. घेतलेले चित्र फितीवरून लगेच पडद्यावर पाहता येई, त्यामुळे चूक डोळ्यांनाच दिसे. पुढे याच स्त्रियांनी आपल्या व्यवसायाची आणि अडचणींची चित्रणे स्वतः तयार केली.

दुसरे मत मात्र अधिक खोलात जाऊन पाहावयास हवे. फी नाही म्हणजे शिक्षण फुकट झाले काय? एका सभासदांच्या घरच्या लग्नात रात्रभर दिवा धरून उभा असलेला एक मुलगा आम्हांस भेटला. कॅमेरा शिकावा अशी त्याची फार इच्छा. शहरातील एका मोफत वर्गात तो गेलाही होता. पण वर्ग अकरा ते पाच. दिवसाची मजुरी बुडू लागली, घरी आई आजारी. चौथ्या दिवशी त्याने वर्ग सोडला. तेथे बहुधा 'विद्यार्थी अनियमित' अशी नोंद झाली असेल! त्याच्या दृष्टीने तो वर्ग सर्वांत महाग होता.

आपल्या मराठी चित्रसृष्टीतही कला अशीच शिकली गेली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम आरंभी बिनपगारी राहून पडेल ते काम करीत शिकले आणि १९२९ साली दामले, फत्तेलाल आदी सहकाऱ्यांसह त्यांनी 'प्रभात' उभी केली. परंतु अशी उमेदवारी ज्याच्या घरची चूल दुसऱ्या कोणाच्या कमाईवर पेटते त्यालाच झेपते. बाकीचे किती गुणी हात मागे राहिले असतील, त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

या बाबतीत गोव्यातील 'व्हिडिओ व्हॉलंटिअर्स' ही २००३ साली स्थापन झालेली संस्था अनुकरणीय वाटते. गरीब वस्त्यांतील व खेड्यांतील माणसांना ती चित्रण शिकवते, आणि २०१० साली सुरू केलेल्या 'इंडिया अनहर्ड' या उपक्रमात त्यांनी आपल्या भागातून करून पाठविलेल्या चित्रणाचे तिने मानधनही दिले. शिकण्यापाठोपाठ चार पैसे हाती आले, म्हणजे माणूस टिकतो.

म्हणून आमची सूचना अशी की, आपला वर्ग चातुर्मासात भरवावा. तेव्हा लग्नाचे मुहूर्त नसतात, दिवा धरणारी मुले रिकामी असतात. वेळ संध्याकाळची असावी, म्हणजे दिवसाचा रोजगार बुडणार नाही. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींसाठी दुपारची एक तुकडी असावी. वर्ग संपल्यावर न्यासाचे दोन कॅमेरे ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे नोंद करून घरी नेता यावेत. कारण साधन नसेल तर शिकलेला हात महिनाभरात विसरतो. हिशेब लिहिणे, कामाचा दर ठरविणे आणि कोणाचेही चित्र घेण्यापूर्वी त्याची परवानगी घेणे, हेही शिकवावे.

राहिला पहिल्या कामाचा प्रश्न. इंदूरात लग्नकार्ये आहेत, शिकवणी-वर्गांना पाठ चित्रित करून हवे असतात, सराफ्यातील आणि कापडबाजारातील दुकानदारांना जाहिराती हव्या असतात. यांपैकी कितीतरी व्यवसाय आपल्याच सभासदांचे आहेत. देणगी देणे उत्तमच; पण तुळशीच्या लग्नानंतर आपल्या घरच्या मुंजीचे वा साखरपुड्याचे काम या मुलांपैकी एकास योग्य मोबदला देऊन सांगावे, ही आमची खरी विनंती आहे. दिवा धरणारा तो मुलगा अजून याच शहरात आहे.