रानपिंगळ्याचा पत्ता

विदर्भातील मेळघाटात रानपिंगळा पाहावयास निघणाऱ्याने प्रथम त्याची नावे जुळवावीत. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली त्याला ‘हेटेरोग्लॉक्स’ या वंशात घातले. इतर ग्रंथांत तो ‘अथीनी’ वंशात आढळतो. इंटरनेटवरील ‘ॲव्हिबेस’ या नामकोशात दोन्ही नावे एकाच पक्ष्याखाली मिळतात. ‘ईबर्ड’च्या याद्यांवरून एखाद्या प्रदेशात कोणते पक्षी कोणत्या महिन्यांत दिसतात, तेही कळते. मात्र मूळ नोंदच खोटी असली, तर यादी प्रवाशाला भलतीकडे नेते. माइनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकाने १९१४ साली गुजरातेत मिळविल्याचे सांगितलेला रानपिंगळा वस्तुतः संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना निघाला. चिठ्ठी तेवढी नवी! ते ठिकाण वगळून शोध झाला, तेव्हा १८८४ नंतर हरवलेला हा पक्षी १९९७ च्या नोव्हेंबरात खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा दृष्टीस पडला.