ठासणीची बंदूक आणि बंद मोसम

भाईंदरला गाडीतून उतरणाऱ्या माणसाला ‘इथे पूर्वी शिकार चालत असे’ असे सांगून पाहा. तो म्हणेल, अहो, अजूनही चालते की! सकाळी आठ-बाराच्या लोकलमध्ये चौथ्या सीटची!

पण मिरा-भाईंदर म्हणजे केवळ स्टेशन नव्हे. पश्चिमेला राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन ही जुनी गावे आहेत, मध्ये मिठागरे आहेत, आणि काशीमिऱ्यावरून घोडबंदरच्या रस्त्याला लागले की वरसाव्याच्या, चेण्याच्या बाजूला डोंगर अगदी अंगावर येतो. हा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा. आजही त्यात सांबर आहे, चितळ आहे, भेकर आहे, रानडुक्कर आहे, आणि या सर्वांवर नजर ठेवून असलेला बिबट्याही आहे. ज्या काळात या डोंगराच्या पायथ्याशी नुसती भातशेती होती, त्या काळात एखाद्या घरी आढ्याला एक लांब नळीची बंदूक टांगलेली असे. तिचे नाव ठासणीची बंदूक. आज तिच्याविषयी लिहायचे आहे.

नव्या पिढीने ही बंदूक बहुधा पाहिलेली नाही. काडतूस घातले, चाप ओढला, असा तिचा सुटसुटीत कारभार नाही. आधी नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा घालायचा, लांब गजाने तो ठासायचा. मग शिसाची गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणी. शेवटी मागच्या बारीक तोटीवर केप बसवायची आणि घोडा चढवायचा. एवढा खटाटोप करून बार मिळणार एक! तो चुकला की सावज पळालेच. दुसरा बार भरेपर्यंत ते डोंगर ओलांडून जायचे.

चेण्याच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक वृद्ध शेतकरी आहेत. लहानपणी, म्हणजे साठ-पासष्ट वर्षांपूर्वी, ते चुलत्याबरोबर हाकाऱ्यांत डबा वाजवीत जात. चुलत्याकडे परवाना होता. मी त्यांना विचारले, “आजोबा, तुम्ही वर्षभर रानात जात होता का हो?”

ते म्हणाले, “छे रे बाबा! पाऊस लागला की बंदूक आढ्याला. दारू सर्दावली की बार उडतो कुठं? आणि त्या दिवसांत माद्यांच्या पोटाशी पिल्लं. मारून खाणार किती, आणि पुढल्या साली बघणार काय?”

मला या उत्तराची मोठी गंमत वाटली. सांबराची बरीचशी पाडसे पावसाच्या तोंडाशी जन्मतात. म्हणजे ज्या महिन्यांत रानाला विसावा हवा, त्याच महिन्यांत बंदूकही निकामी होत असे. अर्थात जुना काळ सगळाच सोन्याचा होता असे मी म्हणत नाही. चोरटी शिकार तेव्हाही होती आणि हावही होती. पण एका बाराच्या बंदुकीने हावेला आपोआप वेसण घातली होती. पुढे विजेऱ्या आल्या, जीपगाड्या आल्या, काडतुसांच्या बंदुका आल्या, आणि ती वेसण तुटली.

मग कायद्याने वेसण घालायची वेळ आली. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने सरकारला बंद मोसम ठरविण्याचा अधिकार दिला. त्या यादीत हरणेही होती. पण त्याच कायद्यात एक महत्त्वाची सवलत होती. आपल्या मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी कोणी जनावर मारले, तर त्याला हा कायदा आड येत नसे. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य प्राणी व पक्षी यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तो घडविण्यात हुमायून अब्दुलअली या पक्षीशास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता, आणि ते स्वतः पट्टीचे शिकारी होते! सलीम अलींची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून त्यांचे आयुष्यच बदलले. रानाची खरी ओळख आधी शिकाऱ्याला होते, हे यातून दिसते.

पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यात ठासणीच्या बंदुकीचा चक्क नावाने उल्लेख आहे. प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी ती मागणाऱ्या नागरिकाला, दुसरी अडचण नसेल तर, परवाना द्यावा, असे कायदा म्हणतो. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि चित्र पालटले. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविताना जनावर मारले गेले तर तो आजही गुन्हा नाही. उभ्या पिकासाठी मात्र आधी वनाधिकाऱ्याची परवानगी हवी. प्रारंभी या कायद्यात शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. बंद मोसम बारा महिन्यांचा झाला. गंमत पाहा! एक कायदा शेतकऱ्याच्या हाती पिकासाठी बंदूक देतो आणि दुसरा म्हणतो, थांब, आधी विचार.

जगात याची निराळी उत्तरे आहेत. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात १९७४ पासून गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या जुन्या बंदुकीसाठी हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र मोसम राखलेला आहे. तिकडे आता वाद आहे तो नव्या घडणीच्या, दुर्बीण लावलेल्या ठासणीच्या बंदुकांचा. नावाला जुनी, पण मारा नव्यासारखा! आपल्याकडे कोडगूत कोडवांना आणि जम्मा जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे, आणि २०१९ साली केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढविली. पण ती सूट बंदूक बाळगण्याची आहे, जनावर मारण्याची नव्हे. हा फरक पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

मग आपण काय करावे? शिकारीचा मोसम परत मागावा? मला तसे वाटत नाही. पेन्सिल्व्हेनियात हरणे उदंड आहेत. आपले उद्यान सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे आणि चहूकडून शहराने वेढलेले. २०१८ च्या पाहणीत तिथे ४७ बिबटे आढळले होते. हरीण कमी झाले तर हे बिबटे कोणाच्या दारात येणार? वस्तीतल्या कुत्र्यांच्या मागोमाग आपल्याच दारात! इथे तर शेतेही उरली नाहीत. मग पिकाची राखण म्हणून बंदूक मागायची ती कशासाठी? तेव्हा काशीमिऱ्यापासून चेण्यापर्यंत एकही बार उडू नये, हेच योग्य.

पण खाली कोकणात गोष्ट वेगळी आहे. तिथे ऐन दिवाळीच्या सुमारास पिवळे झालेले भात रानडुकरे एका रात्रीत लोळवितात. वर्षाचे अन्न चिखलात जाते. अशा शेतकऱ्याला ‘वन्यजीव वाचवा’ एवढेच सांगणे हे पोट भरलेल्याने उपाशाला उपदेश करण्यासारखे आहे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबतीत परवानगीचे अधिकार खालच्या वनाधिकाऱ्यांपर्यंत नेले, हे बरे झाले. पण परवानगी कापणीआधी हातात पडली तरच तिला अर्थ. मळणी झाल्यावर आलेला कागद काय कामाचा? रास्त परवानगी वेळेवर मिळत नाही, तिथे माणूस विजेची तार टाकतो, फासे लावतो, स्फोटकांचे गोळे पेरतो. मग डुकराबरोबर भेकर मरते, गाय मरते, आणि कधी तार टाकणाराही मरतो. त्यापेक्षा परवान्याची, एका बाराची बंदूक शतपटीने बरी. ती निदान मारण्याआधी काय मारतो आहोत ते पाहते.

म्हणून जपायचे असेल तर शिकारीचे कौतुक जपू नये. जपावा तो बंद मोसम. केव्हा मारायचे हे कोणीही शिकवील. केव्हा बंदूक आढ्याला टांगायची, कोणत्या पाणवठ्यावर थांबायचे नाही, मादी मागे पिल्लाला घेऊन चालली आहे हे पावलांवरून कसे ओळखायचे, हे ज्यांना ठाऊक होते ती माणसे आता थोडी उरली आहेत. वाचकांपैकी कोणाच्या गावी असे आजोबा असतील, तर या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन त्यांच्याजवळ जरूर बसा. त्यांनी किती सावजे मारली ते विचारू नका. कोणत्या महिन्यात, का मारली नाहीत, ते विचारा आणि वहीत उतरून ठेवा.