जुनं क्लॅरिनेट घेण्याआधी

जून आला की दुबई-शारजात देश सोडून निघालेल्या कुटुंबांचं सामान विकायला निघतं. सोफा, सायकल यांच्यासोबत एखादं क्लॅरिनेटही असतं. शाळेच्या बँडसाठी मुलांना ते हवंच असतं आणि नव्यापेक्षा स्वस्तही पडतं. ‘जुनं आहे, अस्सल लाकडाचं आहे,’ एवढंच विकणारा सांगतो. पण ते किती जुनं आणि आपल्या मुलाच्या उपयोगाचं आहे का, हे वाद्यावरच लिहिलेलं असतं.

आधी कड्या मोजाव्यात. बोटांच्या छिद्रांभोवती धातूच्या कड्या असतात. आज सर्रास शिकवल्या जाणाऱ्या बोहम पद्धतीत साधारण सहा कड्या येतात: वरच्या भागावर पुढे दोन, मागे अंगठ्यापाशी एक आणि खालच्या भागावर तीन. खाली दोनच असतील, तर ते बहुधा जुन्या ‘अल्बर्ट’ पद्धतीचं वाद्य. त्यावर बोटं वेगळी ठेवावी लागतात, त्यामुळे शाळेतला धडा घरी उपयोगी पडत नाही.

मग ‘एच.पी.’ ही अक्षरं शोधावीत. ती ‘हाय पिच’ची खूण. ब्रिटनमधले बँड पूर्वी पट्टी चढी ठेवत. आजचा ‘ए’ सेकंदाला ४४० कंपनांचा, तर त्यांचा सुमारे ४५२ चा. असं वाद्य बँडमध्ये जवळजवळ पाव स्वर चढं बोलतं. सांधे ओढून लांबी वाढवली, तर सुरांमधली अंतरंच बिघडतात. ‘एल.पी.’ असेल तर ही काळजी नाही.

नावावरून काळाचा अंदाज येतो. ‘बूझी’ आणि ‘हॉक्स’ या लंडनच्या कंपन्या १९३० मध्ये एक झाल्या. म्हणून दोन्ही नावं जोडून कोरलेली असतील, तर वाद्य त्याआधीचं नाही. त्याखालचं ‘एजवेअर’ किंवा ‘रीजंट’ हे मॉडेलचं नाव. यामाहावर मॉडेलचा क्रमांकच छापलेला असतो. कारखान्याचा अनुक्रमांक मात्र वेगळा. तो वरच्या आणि खालच्या भागावर एकच आहे ना, हे पाहावं. वेगळा निघाला, तर दोन वाद्यांचे तुकडे जुळवलेले असू शकतात.

शेवटी अंग पाहावं. लाकडात रेषा दिसतात, आणि इथल्या एसीच्या कोरड्या हवेत त्याला चीर जाऊ शकते. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर. उन्हाने ते हिरवट-तपकिरी पडतं. शिकाऊ मुलाला साधं प्लॅस्टिकचं वाद्य उत्तम. मात्र उन्हाळ्यात तेही गाडीत ठेवू नये.

आणि गावच्या घरी माळ्यावर आजोबांचं ‘एच.पी.’ क्लॅरिनेट सापडलं, तर? शाळेला ते चालणार नाही, पण म्हणून भंगारात घालू नका. एकट्याने वाजवायला पट्टीची अडचण येत नाही. पॅड बदलून घ्या आणि दिवाळीत घरच्यांसमोर वाजू द्या.