ताण दिला की फुलणारी बोगनवेल

गटाच्या बैठकीत फुलझाडांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, "हौस आहे हो, पण पाणी कुठून घालायचं?" प्रश्न खराच आहे. मार्च उलटला की आधी पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, मग परसातल्या चार वांगी-मिरच्यांचं. मोगऱ्या-शेवंतीची पाळी येईपर्यंत हंडा रिकामा झालेला असतो.

म्हणून आज आम्ही अशा झाडाची माहिती देणार आहोत, जे एकदा रुजलं की भर उन्हाळ्यातही आपल्या हंड्यातलं पाणी फारसं मागत नाही. उलट पाणी जास्त झालं तर त्याला फुलं कमी येतात. हे झाड म्हणजे बोगनवेल. कुणी तिला कागदी फुलं म्हणतात. मोठ्या रस्त्यांच्या मधोमध दुभाजकावर तुम्ही ती पाहिली असेल. दोन्ही बाजूंनी गाड्यांचा धूर, खाली तापलेलं डांबर, तरी गुलाबी, जांभळी, केशरी बहरलेली असते.

रंग पानांचा, फूल आतलं

बोगनवेलीची एक गंमत आधी पाहू. आपण ज्याला फूल म्हणतो ती खरं तर तीन रंगीत पानं असतात. त्यांच्या मध्ये बारीक नळीसारखी पांढुरकी फुलं दिसतात, तीच तिची खरी फुलं. रंगीत पानं कागदासारखी पातळ आणि कोरडी असतात. म्हणून ती गुलाबासारखी दोन दिवसांत मान टाकत नाहीत, बरेच दिवस टिकतात आणि नीट वाळवली तर रंगही धरून ठेवतात. आपली गुलबक्षी आणि रानात उगवणारी पुनर्नवा, म्हणजे घेटुळी, या बोगनवेलीच्याच कुळातल्या.

झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. १७६६ साली फ्रान्समधून पृथ्वीप्रदक्षिणेची एक मोहीम निघाली होती. तिच्या प्रमुखाचं नाव बुगँव्हिल, त्याच्यावरून झाडाला नाव पडलं. मोहिमेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर झान बारे नावाची एक बाई होती. जहाजावर बायकांना बंदी, म्हणून ती पुरुषाच्या वेशात मदतनीस होऊन गेली. १७६७ साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर दोघांनी वनस्पती गोळा केल्या, त्यांत ही वेलही होती. जहाजातून पृथ्वीला फेरी मारणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज तिची नोंद आहे. वेलीला नाव कप्तानाचं मिळालं. झान बारेचं नाव एका वनस्पतीला मिळालं ते २०१२ साली, तेही वांगी-बटाट्याच्या कुळातल्या!

ताण म्हणजे काय?

ज्यांच्याकडे डाळिंब, मोसंबी किंवा लिंबू आहे त्यांना 'ताण' शब्द नवा नाही. बहार धरायचा असला की आपण बागेचं पाणी तोडतो. जमीन सुकते, काही पानं गळतात, झाड वाढ थांबवतं. मग पाणी दिलं की कळी फुटते. बोगनवेलीचंही बरंचसं तसंच आहे. पाणी आणि खत भरपूर मिळालं की ती नुसत्या फांद्या आणि पानं वाढवते. जमीन कोरडी पडली, ऊन लख्ख मिळालं की रंग फुटतो. म्हणूनच आपल्याकडे पावसाळ्यात ती हिरवीगार असते आणि पाऊस सरला की फुलायला लागते, ती थेट मेपर्यंत.

आणखी एक पाहा. तिच्या पानाच्या बगलेत जिथे काटा येतो, तिथेच फुलांचा तुरा येतो. वाढीचा जोर असला की त्या जागी काटा होतो, फुलण्याजोगी परिस्थिती असली की तुरा होतो. तेव्हा वेलीवर काटेच काटे दिसत असतील, तर पाणी जास्त होतंय का, सावली पडतेय का, युरिया पडतोय का, ते आधी तपासा.

पण मैत्रिणींनो, ताण देणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे. "बोगनवेल कशीही जगते" असं म्हणून लोक रोप लावतात आणि विसरून जातात. मग पहिल्याच उन्हाळ्यात रोप वाळतं. ताण सोसायची ताकद मुळांतून येते आणि मुळं खोल जायला निदान एक वर्ष लागतं. त्या वर्षात तिला पाणी लागतंच. पावसाळा संपल्यावर आठवड्यातून एकदा, कडक उन्हाळ्यात दोनदा, आळं भरून द्या. रोज तांब्याभर शिंपडू नका, त्यानं मुळं वरच्या वरच राहतात. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, साबण-सोड्याचं नको. दुसऱ्या वर्षापासून पाण्याचं अंतर वाढवत न्या. पुढे जमिनीतली वेल पावसावर आणि अधूनमधून मिळालेल्या पाण्यावर निभावते. उन्हाळ्यात थोडी पानं गळली तर घाबरू नका.

जागा आणि लागवड

जागा निवडताना दोन गोष्टी बघा. एक, दिवसातून पाच-सहा तास तरी थेट ऊन हवं. सावलीत वेल जगते, फुलत नाही. दुसरी, पाणी साचता कामा नये. मुरमाड, हलकी जमीन तिला मानवते. काळ्या चिकण मातीत पावसाळ्यात मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात. तुमची जमीन तशी असेल तर मातीत मुरूम आणि वाळू मिसळा आणि थोडा उंचवटा करून त्यावर लावा.

पाऊस सुरू झाला की लागवड करा. दीड फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल खड्डा घ्या. निघालेल्या मातीत एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून खड्डा भरा. बोगनवेलीची मुळं फार नाजूक असतात. पिशवी ब्लेडनं कापून काढा, मातीचा गोळा न फोडता अलगद खड्ड्यात ठेवा. कुंपणासाठी लावायची असेल तर दोन रोपांत तीन ते चार फूट अंतर ठेवा. कुंपण दाट व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर शेळ्यांपासून जपा.

काट्यांचा विचार आधीच करा. जाण्यायेण्याची वाट, मुलांची खेळायची जागा, नळ किंवा विहिरीचा काठ इथे ती नको. अंगणाच्या कडेला, गोठ्यामागे, शाळेच्या भिंतीबाहेर ती शोभते.

कुंडीत लावायची असेल तर तळाला भोक असलेली कुंडी किंवा जुना डबा घ्या. वरची माती पूर्ण सुकली, पानं जराशी मलूल दिसली की मगच पाणी द्या.

छाटणी, खत आणि कीड

फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणून छाटणी हवी. एक बहर संपला की शेंडे कापा. मोठी छाटणी मेअखेर किंवा पावसाच्या तोंडाला करा. वाळक्या, आत वळलेल्या फांद्या काढून टाका. हातात जाड मोजे, अंगात लांब बाह्यांचा शर्ट घाला. काही जणींच्या कातडीला तिच्या चिकाची खाजही सुटते. कापलेल्या काटेरी फांद्या लगेच गोळा करा. वाटेवर राहिल्या तर अनवाणी पायात नाही तर सायकलच्या चाकात काटा गेलाच म्हणून समजा.

खत वर्षातून एकदा, जूनमध्ये, दोन घमेली शेणखत पुरे. युरिया टाळा.

कोवळ्या शेंड्यांवर कधी मावा, कधी कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसतो. लागण थोडी असेल तर ते शेंडे कापून नष्ट करा. जास्त असेल तर निंबोळी अर्क फवारा. पन्नास ग्रॅम निंबोळ्या जाडसर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा.

छाटणीतून रोपं

आता गटाच्या कामाची गोष्ट. छाटणीत निघालेल्या फांद्या जाळू नका. पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांद्या निवडा. प्रत्येकीचे वीतभर लांबीचे, तीन-चार डोळे असलेले तुकडे करा. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली तिरपा घ्या, वरचा सरळ घ्या. म्हणजे वरची-खालची बाजू ओळखता येते. उलटी लागलेली काडी रुजत नाही.

माती, वाळू आणि शेणखत सारखं घेऊन पिशव्या भरा. अर्धी काडी आत जाईल अशी लावा. कृषी सेवा केंद्रात मुळं फुटण्याची पावडर मिळते, खालच्या टोकाला लावली तर फायदा होतो. पिशव्या सावलीत ठेवा, माती ओलसर असू द्या, चिखल नको. पानं लवकर फुटतात, पण पान फुटलं म्हणजे मूळ फुटलं असं नव्हे. काडी उपटून बघण्याचा मोह आवरा. दोन-तीन महिने जाऊ द्या आणि मग हळूहळू उन्हाची सवय करा.

सगळ्याच काड्या जगणार नाहीत, हे धरूनच जास्त लावा. साधी जांभळी, गुलाबी जात सोपी. दुहेरी पाकळ्यांच्या आणि पांढरे पट्टे असलेल्या पानांच्या जाती काडीनं अवघड जातात. त्यांना पावसाळ्यात गुटी कलम बांधलेलं बरं.

विकायचं मनात असेल तर आधी गिऱ्हाईक शोधा, मग पिशव्या भरा. ग्रामपंचायत, शाळा, रस्त्यावरचे ढाबे, मंगल कार्यालयं, जवळची रोपवाटिका यांना विचारा, किती रोपं, कोणता रंग, कधी हवीत. पिशवी, खत आणि आपली मजुरी वहीत मांडल्याशिवाय भाव सांगू नका. मजुरी धरायला आपण बायका नेमकं विसरतो.

रंग जपून ठेवायचा असेल तर

सकाळी दव सुकल्यावर ताजी, डाग नसलेली रंगीत पानं तोडा. वर्तमानपत्राच्या घडीत एकमेकांना चिकटणार नाहीत अशी पसरा आणि वर पाटा किंवा जड डबा ठेवा. दोन दिवसांनी कागद बदला. आठवड्याभरात ती कोरडी होतात. हवाबंद डब्यात, अंधारात ठेवा, कारण उन्हात रंग उडतो. शुभेच्छापत्रं, पाकिटं, राख्या यांवर ती चिकटवता येतात. पहिल्यांदा करताना थोडीच करा, रंग किती महिने टिकतो ते पाहा आणि मगच मागणी घ्या.

तर मैत्रिणींनो, येत्या पावसाळ्यात गावात कुठे छाटणी चालली आहे यावर लक्ष ठेवा आणि दोन-चार काड्या मागून आणा. पहिलं वर्ष तेवढं पाणी द्या. पुढच्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतानाही दारात रंग असेल. तुमच्या काड्या किती रुजल्या आणि कशा, ते आम्हाला जरूर कळवा.