जुन्या मोटारीत बॅटरीची जागा



जुनी मोटार पुन्हा उभी करावयास घेतली म्हणजे मालकाचे सारे लक्ष इंजिन, रंग आणि बैठकी यांकडे लागते. बॅटरी ही दुकानातून आणून अगदी शेवटी बसवावयाची वस्तू, असा सर्वसाधारण समज आहे. ती शेवटी आणावी हे खरेच. परंतु तिची जागा मात्र पत्राकाम चालू असताना, रंगाचा पहिला हात चढण्यापूर्वी ठरवावी लागते. एकदा रंग चढला, गालिचे अंथरले गेले आणि तारांचे जुडगे बांधले गेले, की मग जागा बदलणे म्हणजे झालेले काम पुन्हा उसवणे होय.

सुरतेत हा प्रश्न विशेष निकडीने उपस्थित होतो. समजा, तुमच्या घरी १९६० नंतरच्या दशकातील फियाट ११०० डिलाइट आहे. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेली ही गाडी. पुढे हिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. हिची बॅटरी बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारी. उधन्याच्या एखाद्या अनुभवी खानदेशी मिस्त्रीला विचारावे, तर तो म्हणेल, “साहेब, बॅटरी मागं डिकीत टाका, थंड राहील.” या सल्ल्यात तथ्य नाही असे नाही. शिसे आणि आम्ल यांच्या बॅटरीचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य सुमारे निम्म्याने घटते, असा ढोबळ नियम आहे. सुरतेचा उन्हाळा, त्यात बॉनेटखाली तापलेली हवा, आणि सिग्नलवर इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी. अशा स्थितीत बॅटरी लवकर थकली तर नवल नाही.

तथापि डिकीत नेलेल्या बॅटरीस एक मोठा खर्च पडतो, आणि तो म्हणजे लांब तार. इंजिन सुरू करताना सेल्फला क्षणभर सुमारे दीडशे अँपिअर प्रवाह लागतो असे धरू. डिकीपासून सेल्फपर्यंत चार मीटर तांब्याची तार लागली आणि ती दहा चौरस मिलिमीटर छेदाची, म्हणजे बारीक असली, तर वाटेतच सुमारे एक व्होल्ट खर्ची पडतो. बारा व्होल्टांच्या गाडीत एक व्होल्ट गेला की पहाटेच्या गारव्यात सेल्फ कण्हू लागतो आणि दोष मात्र बिचाऱ्या बॅटरीवर येतो. तीच तार पस्तीस चौरस मिलिमीटरची घेतली तर घट सुमारे तीन दशांश व्होल्टांवर येते. सहा व्होल्टांच्या जुन्या गाड्यांत तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह दुप्पट लागतो. अशा गाडीची बॅटरी मागे नेण्याचा विचारच सोडून द्यावा.

शिवाय प्रवाहाला परतीचा मार्गही हवा. तो गाडीच्या पत्र्यातून जातो. इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असल्यामुळे इंजिन आणि चासी यांना जोडणारी जाड पट्टी नसेल, किंवा गंजली असेल, तर एवढा प्रवाह एक्सिलरेटरच्या केबलसारख्या नाजूक वाटा शोधतो आणि त्या केबल जाळून टाकतो. सुरतेच्या खाऱ्या, दमट हवेत ही पट्टी आणि तिचे बोल्ट हेच आधी खराब होतात. जेथे ती जोडावयाची तेथील रंग खरवडून उघडा पत्रा करावा, बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे.

रचनाकारांनी बॅटरीसाठी नाना जागा शोधल्या आहेत. १९२७ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’मध्ये ती पायाखालच्या फळ्यांखाली असे. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मॉरिस मायनरमध्ये ती इंजिनामागच्या फळीवर ठेविली आणि १९५९ च्या मिनीमध्ये डिकीत नेली. फोक्सवॅगन बीटलची बॅटरी मागच्या आसनाखाली असते. त्या बॅटरीवरचे झाकण हरवले आणि मागे वजनदार मंडळी बसली, की आसनाच्या लोखंडी स्प्रिंगा टर्मिनलांना टेकून आतील भरावाला आग लागल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. झाकणासारखी क्षुल्लक वस्तू, पण तिच्यावाचून मोटार जळते.

आसनाखाली वा डिकीत बॅटरी ठेवण्यात दुसरे भय वायूचे. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा चारांवर गेले की एक ठिणगीही स्फोटास पुरते. बॉनेटखाली वारा खेळता असतो म्हणून ते सहसा जाणवत नाही. बंद जागेत मात्र झाकणाची पेटी आणि वायू गाडीबाहेर नेणारी नळी, दोन्ही हवीत. ‘सीलबंद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटरीतूनही अतिभार झाल्यास वायू सुटतोच, हे विक्रेता सांगत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेचा मोठा भाग बुडविला, हे कोणी विसरलेले नाही. एवढा पूर नेहमी येत नाही. पण पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढण्याचा प्रसंग येतोच. या शहरात फळ्यांखाली किंवा डिकीच्या तळाशी खड्ड्यात बसविलेली बॅटरी मला पसंत नाही.

राहिला वजनाचा मुद्दा. बारा-पंधरा किलोंचा भार मागे नेल्याने गाडीचा तोल सुधारतो, असे शर्यतीचे शौकीन सांगतात. शर्यतीत तसे होत असेल. तापीच्या पुलावरील संध्याकाळच्या गर्दीत तो फरक कोणाला कळावयाचा?

याहून गंभीर गोष्ट कायद्याची आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाची स्वतंत्र नोंदणी आली. तिची अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. बोल्टने बसविलेला आणि पुन्हा काढता येणारा ट्रे कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. परंतु बॅटरीसाठी डिकीचा तळ कापून खड्डा केला, तर त्यावर वाद होऊ शकतो, आणि कापलेला पत्रा काही परत येत नाही. वर्षानुवर्षे जपलेल्या गाडीची नोंदणी एका खड्ड्यापायी धोक्यात का घालावी?

म्हणून माझे मत असे, की डिलाइट किंवा अँबॅसडर असेल तर बॅटरी बॉनेटखाली मूळ जागीच ठेवावी आणि उष्णतेचा बंदोबस्त तेथेच करावा. एक्झॉस्टच्या बाजूस पत्र्याचा आडपडदा, मधे बोटभर हवेची फट, आणि जुना गंजलेला ट्रे टाकून आम्लरोधक रंगाचा नवा ट्रे, एवढे पुरते. ट्रेला पाणी निघावयास छिद्र ठेवावे. पांढरी बुरशी दिसली तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. बॅटरी पट्टीने घट्ट बांधावी. खड्ड्यांतून हिंदकळणारी बॅटरी उष्णतेपेक्षाही लवकर मरते.

इंजिनच बदललेले असल्यामुळे, किंवा पुढे खरोखर जागाच नसल्यामुळे, बॅटरी मागे न्यावीच लागली, तर तार जाड घ्यावी, पत्र्यातून जाते तेथे प्रत्येक छिद्रात रबरी ग्रोमेट बसवावे, आणि तार पेट्रोलच्या नळीपासून दूर, विरुद्ध अंगाने न्यावी. बॅटरीजवळच प्रवाह तोडणारा खटका बसवावा. कारण सेल्फच्या तारेला बहुधा फ्यूज नसतो. ती कोठे घासून उघडी पडली तर बॅटरीतली सारी शक्ती त्या एका जागी ओतली जाते.

जोडणी करण्यापूर्वी आपल्या गाडीचे कोणते टोक चासीला आहे तेही पाहून घ्यावे. त्या काळच्या अनेक इंग्लिश गाड्यांत ऋण नव्हे, तर धन टोक चासीला जोडलेले असे, आणि आजचा मिस्त्री सवयीने उलटे जोडतो. शेवटी बॉनेट लावण्यापूर्वी टर्मिनलांवर मळलेल्या कणकेचा एक गोळा ठेवून बॉनेट हलकेच मिटवावे आणि उघडून पाहावे. गोळा चेपला गेला असेल, तर बॅटरी तेवढी खाली घ्यावी.