दमणगंगेचा पूर : साठलेल्या पाण्याचा हिशेब

माझा एक वर्गमित्र गेली अनेक वर्षे अमेरिकेच्या उत्तर भागात वैद्यकीय व्यवसाय करतो. एका फेब्रुवारीच्या अखेरीस त्याचा दूरध्वनी आला. एरवी तो बोलतो मुलांच्या शिक्षणाविषयी, गुडघेदुखीविषयी. त्या दिवशी मात्र तो घराच्या तळघरातले सामान वरच्या मजल्यावर हलवीत होता. "तीन महिन्यांचा बर्फ अंगणात पडून आहे आणि उद्यापासून दोन दिवस पाऊस सांगितलाय," तो म्हणाला. "पावसाची भीती नाही रे, खाली साठलंय त्याची भीती आहे. तुम्ही सिल्वासाकर सुखी. तुमच्याकडे बर्फच नाही!"

मी हसून विषय बदलला. परंतु त्याचे ते वाक्य मनातून जाईना. आपल्याकडे बर्फ नाही हे खरे. मग आपल्या दमणगंगेला पूर का येतो? आणि तो दर वर्षी का येत नाही? पाऊस तर दर वर्षी पडतो. या दोन प्रश्नांचा विचार करता करता जे हाती लागले, ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

बर्फावर पडणारा पाऊस

थंड प्रदेशांत हिवाळाभर पडलेला बर्फ म्हणजे वास्तविक न वाहिलेले पाणी असते. ताजा, भुसभुशीत बर्फ मीटरभर साचला तर त्यातून साधारण १० सेंटिमीटर पाणी निघते. महिनोन्महिने दबून घट्ट झालेल्या बर्फातून त्याच्या तिप्पट-चौपटही निघू शकते. हिवाळा सरता सरता उबदार, दमट वारे घेऊन पाऊस येतो आणि हे पाणी एकदम मोकळे होते.

येथे एक गंमत आहे. बर्फ वितळविण्याचे काम पावसाचे थेंब फारसे करीत नाहीत. बर्फाचे पाणी होण्यास दर ग्रॅममागे ८० कॅलरी लागतात. म्हणजे ८ अंश तापमानाचा १० मिलिमीटर पाऊस पडला, तरी त्यातून जेमतेम १ मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळेल. खरे काम करते ती हवेतील वाफ. थंड बर्फावर १ ग्रॅम वाफेचे पाणी झाले, की सुटणारी उष्णता सुमारे साडेसात ग्रॅम बर्फ वितळविते. वरून पाऊस, खालून वितळलेले पाणी आणि त्याखाली गोठलेली, पाणी न शोषणारी जमीन अशी तिहेरी गाठ पडली की नद्या पात्र सोडतात.

कॅलिफोर्नियातील ऑरोव्हिल धरणाच्या बाबतीत फेब्रुवारी २०१७ मध्ये असेच घडले. डोंगरात बर्फ मुबलक होता, त्यावर कोमट पावसाच्या सरी आल्या आणि जलाशय काठोकाठ भरला. मुख्य सांडव्याला भगदाड पडले, आपत्कालीन सांडव्याखालील माती धुपू लागली आणि १२ फेब्रुवारीला खालच्या भागातील सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना घरे सोडावी लागली. धरण वाचले, माणसेही वाचली. आपल्या देशात मात्र जून २०१३ मध्ये केदारनाथला इतके सुदैव लाभले नाही. मोसमी पाऊस नेहमीपेक्षा लवकर पोहोचला तेव्हा उंचावरील बर्फ अद्याप वितळत होता. १६ आणि १७ जूनच्या अतिवृष्टीत मंदिराच्या वरच्या अंगाचे चोराबारी सरोवर फुटले. त्या यात्रेत आपल्या महाराष्ट्रातील कितीतरी कुटुंबे होती.

आमचा बर्फ मधुबनात

आता आपल्या नदीकडे वळू. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातील सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावते. पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा या भागांतील पाणी वाघ, वाळ, लेंडी अशा उपनद्यांच्या वाटेने तिला मिळते. खानवेलची आपली साकरतोंडही अखेर तिच्याच पोटात जाते. सुमारे १३१ किलोमीटरचा प्रवास करून ती सिल्वासा आणि वापीवरून दमणला समुद्रास मिळते. म्हणजे सिल्वासाला नरोली-आथालच्या पुलावरून आपण जे गढूळ पाणी पाहतो, त्यातील बरेचसे महाराष्ट्रात पडलेल्या पावसाचे असते. आपल्या अंगणात ऊन असताना नदी फुगलेली दिसते, त्याचे रहस्य हेच.

या पाण्याच्या वाटेवर मधुबन धरण उभे आहे. गुजरात, दादरा-नगर हवेली आणि दमण यांचा हा संयुक्त प्रकल्प. धरण गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात, पण जलाशयाचा फार मोठा पसारा दुधनीच्या बाजूने आपल्या हवेलीत. जलाशयाची पूर्ण संचय पातळी ७९.८६ मीटर, एकूण साठा सुमारे ५६७ दशलक्ष घनमीटर म्हणजे जवळजवळ २० टीएमसी, आणि दरवाजे दहा. शेतीला, उद्योगांना आणि आपल्या घरांतील नळांना याच साठ्याचे पाणी मिळते. त्यामुळे मधुबनाविषयी वाईट बोलण्याची माझी मुळीच इच्छा नाही.

तथापि एक साधे गणित करून पाहावे. धरणाच्या वरचे पाणलोट क्षेत्र सुमारे १८०० चौरस किलोमीटर आहे. या क्षेत्रातून एका दिवसात १०० मिलिमीटर पाणी वाहून आले, तर त्याचे १८० दशलक्ष घनमीटर होतात. हे संपूर्ण जलाशयाच्या जवळजवळ एक-तृतीयांश झाले! जून महिन्यात, जलाशय रिकामा आणि जमीन तहानलेली असताना, एवढा पाऊस पडला तरी नदीकाठच्या माणसाला त्याचा पत्ताही लागणार नाही. काही पाणी माती पिऊन टाकील, उरलेले मधुबन पोटात घेईल. तोच पाऊस ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात, माती चिंब आणि जलाशय भरलेला असताना पडला, तर त्याला ठेवायला जागा उरत नाही. तेवढेच पाणी तेवढ्याच वेळात सोडायचे म्हटले, तरी दिवसभर सरासरी सत्तर हजार क्युसेकहून अधिक विसर्ग करावा लागेल.

माझ्या मित्राच्या अंगणातील बर्फ तो हाच. आमच्याकडे तो पांढरा दिसत नाही, एवढेच.

बाटली तीच, रुग्ण वेगळा

आपणा डॉक्टर मंडळींना हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. जुलाबांनी कोरड्या पडलेल्या तरुणाला आपण एका तासात लिटरभर सलाईन देतो आणि तो उठून बसतो. तीच बाटली, त्याच वेगाने, हृदय थकलेल्या आणि पायांवर सूज असलेल्या वृद्धाला दिली, तर फुफ्फुसात पाणी भरून तो गुदमरेल. म्हणून सलाईन लावण्यापूर्वी आपण जिभेकडे पाहतो, मानेच्या शिरा पाहतो, छातीला स्टेथोस्कोप लावतो. पुराच्या बाबतीत मात्र आपण केवळ बाटलीकडे पाहतो. "किती इंच पडला?" हा आपला एकच प्रश्न. "आधी किती साठले होते?" हे कोणी विचारीत नाही.

दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन २ ऑगस्ट. १९५४ साली मुक्तिसैनिक सिल्वासात आले ते भर पावसाळ्यातच. त्या घटनेला पन्नास वर्षे झाली आणि ऑगस्ट २००४ च्या पहिल्याच आठवड्यात दमणगंगेचा मोठा पूर आला. वरच्या खोऱ्यातील अतिवृष्टी आणि मधुबनातून करावा लागलेला विसर्ग यांमुळे सिल्वासा, वापी आणि दमण येथील सखल वस्त्यांत पाणी शिरले. दमणची अडचण तर दुहेरी. समुद्राला उधाणाची भरती असेल, तर नदीचे पाणी मुखाशीच अडते.

दोनच वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, आपल्या शेजारच्या सुरतेने हाच धडा अधिक मोठ्या प्रमाणावर गिरविला. उकाईचा प्रचंड जलाशय बराचसा भरलेला होता. तापीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या खानदेशासह, जोरदार पाऊस झाला आणि विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या आसपास पोहोचला. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातही धरणे बरीच भरलेली असताना संततधार लागली आणि कोल्हापूर-सांगलीकरांना छपरांवर दिवस काढावे लागले.

धरणाच्या व्यवस्थापकांना हे ठाऊक नसते असे नाही. पावसाळ्याच्या कोणत्या टप्प्यावर जलाशय किती भरू द्यावा, याचे वेळापत्रक असते. परंतु त्यांच्यापुढे पेच असतो. जागा रिकामी ठेवावी आणि पुढे पाऊस पडलाच नाही, तर उन्हाळ्यात नळ कोरडे राहतात. भरून ठेवावे आणि पाऊस कोसळला, तर पूर. ज्या माणसाला हा निर्णय घ्यायचा असतो, त्याला दोष देणे सोपे आहे. त्याने दिलेली सूचना वेळेवर शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचविणे अधिक अवघड आणि अधिक उपयोगाचे आहे.

पाणी ओसरल्यावर

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. अशाच एका पुरानंतरच्या आठवड्यात नदीकाठच्या पाड्यावरचा एक वारली शेतमजूर माझ्याकडे आला. ताप, डोकेदुखी, आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की त्याला बाकावरून उठवत नव्हते. दवाखान्यात तापाच्या रुग्णांची रांग लागलेली होती. मी विषाणुजन्य ताप समजून पॅरासिटामॉल दिले आणि विश्रांती घेण्यास सांगितले. चौथ्या दिवशी त्याची बायको त्याला पुन्हा घेऊन आली, तेव्हा त्याचे डोळे लाल-पिवळे झाले होते आणि लघवी जवळजवळ थांबली होती. मी त्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठविले. तो परत आला नाही.

तो लेप्टोस्पायरोसिस होता. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातील हा जंतू पाण्यातून, पायांच्या भेगांतून शरीरात शिरतो. दक्षिण गुजरातच्या सुरत-नवसारी-वलसाड पट्ट्यात तो पावसाळ्याचा जुना सोबती आहे. मला हे ज्ञान नव्हते असे नाही. मी एक प्रश्न विचारला नाही: "पुराच्या पाण्यात उतरला होतास का?"

त्यानंतर मी पुराचे एक छोटे दिनदर्शक मनाशी बांधले आहे. तरुण सहकाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून देतो. पहिल्या दोन दिवसांत बुडणे, जखमा, विजेचे धक्के आणि सर्पदंश. पाणी बिळांत शिरते तेव्हा साप घरांत शिरतात, म्हणून सर्पविषावरील लस आणि धनुर्वाताची लस हाताशी असावी. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जुलाब, कॉलरा, विषमज्वर. साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचा ताप. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून डबक्यांतील डासांमुळे डेंग्यू आणि हिवताप. दुसऱ्या आठवड्यापासून पुढे महिना-दीड महिना कावीळ. ज्यांना पाण्यात, चिखलात काम करणे भागच आहे, अशा प्रौढांना धोक्याच्या काळात आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देण्याची पद्धत आहे. गर्भवती आणि लहान मुले मात्र वगळावीत. आणि ताप आलाच, तर पुराच्या पाण्याशी संबंध आलेल्या रुग्णाला तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबवून न ठेवता प्रतिजैविक सुरू करावे. या आजारात पहिले तीन-चार दिवस सर्वांत मोलाचे असतात.

आपल्याला करता येईल असे

आता पाणी येण्यापूर्वीचा विचार. केंद्रीय जल आयोग दमणगंगेच्या पुराचे अंदाज देतो, हवामान खाते पावसाचे. माझी सूचना अशी, की १५ जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत आपल्या प्रत्येक दवाखान्याच्या फलकावर रोज तीन आकडे लिहावेत: मधुबनाची पातळी, वरच्या खोऱ्यातील पाऊस आणि धरणाचा विसर्ग. दवाखान्यात दिवसभर माणसे बसलेली असतात. ताप मोजून घेण्यासाठी आलेला माणूस नदीचाही ताप वाचून जाईल, आणि आपल्या पाड्यावर जाऊन चार जणांना सांगेल. फलक मराठीत, गुजरातीत असावा आणि शक्य तेथे वारली-कोकणीत तोंडी सांगावे. पूर्ण संचय पातळी किती, हे त्याच फलकावर कायमचे रंगवून ठेवावे, म्हणजे अजून किती जागा शिल्लक आहे ते कोणालाही कळेल.

दुसरे, प्रत्येकाने आपल्या रुग्णांतील एक यादी पावसाळ्यापूर्वी तयार करावी. नववा महिना लागलेल्या स्त्रिया, डायलिसिसवर असलेले, इन्सुलिन घेणारे, ऑक्सिजनची गरज असणारे. यांपैकी पुलापलीकडे कोण राहतो? पूल पाण्याखाली जाण्यापूर्वीच त्यांना अलीकडच्या नातेवाइकांकडे हलविता येते. पूल बंद झाल्यावर आपण कितीही निष्णात असलो, तरी काठावर उभे राहून पाहण्यापलीकडे काही करू शकत नाही.

तिसरे, तो प्रश्न. पुरानंतरच्या महिनाभरात तापाच्या प्रत्येक रुग्णाला तो विचारावा. त्याला पैसे पडत नाहीत, वेळ लागतो दोन सेकंदांचा.

त्या मित्राचे तळघर त्या वर्षी कोरडे राहिले. त्याने सामान आधीच वर नेले होते, म्हणून त्याचा काही बिघाड झालाच नसता. गेल्या पावसाळ्यात मी त्याला कळविले, की आमच्या दवाखान्याच्या फलकावर आता 'आजची पातळी' लिहिली जाते. कंपाउंडर ती लिहितो, आणि एखादे दिवशी विसरला, तर बाहेर बसलेली म्हातारी माणसेच त्याला हटकतात. त्यांना नदी आमच्यापेक्षा जुनी ठाऊक आहे. आकडा तेवढा आपण त्यांच्या हाती द्यायचा आहे.