मूकपटाची साथ : लय कोणाच्या हातात?

पडद्यावर चित्रपट चालू आहे आणि त्याचे संगीत पडद्यासमोर बसलेला वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवत आहे, असे कार्यक्रम अलीकडे मोठ्या सभागृहांत होऊ लागले आहेत. 1928 सालच्या ‘शिराझ’ या मूकपटाला अनुष्का शंकर यांनी नवे संगीत दिले. 2017 मध्ये ते लंडनला आणि नंतर भारतातही असेच सादर झाले. नाशिककरांनी मात्र याचे फार नवल करू नये. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला आणि त्याच वर्षी आपले बिऱ्हाड व चित्रशाळा नाशिकला हलवली. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ येथेच तयार झाले. चित्रपट मुके होते, प्रेक्षागृह मुके नव्हते. पडद्याखाली पेटी-तबलेवाले बसत आणि प्रसंग पाहून वाजवत. 1931 मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागेपर्यंत आपल्या चित्रपटांचे सगळे संगीत असे जिवंतच होते.

या वादकांचे काम नेमके काय होते? कीर्तनातला तबलजी बुवांच्या तोंडाकडे पाहतो, बुवा थांबले की थांबतो. मूकपटाच्या वादकाला पडदा हाच बुवा. पण हा बुवा वादकाकडे वळून पाहत नाही, आणि त्याची चालही नेहमी सारखी नसते. ती का नसते हे समजायला थोडा हिशेब करावा लागेल.

35 मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका फुटात 16 चौकटी बसतात. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवत. मुठीच्या एका फेऱ्यात 8 चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला 16 चौकटी, अर्थात एक फूट फीत. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे 3700 फुटांचा होता. या वेगाने तो 3700 सेकंद, म्हणजे तासाहून दीड-पावणेदोन मिनिटे जास्त चालेल. बोलपटाचा वेग सेकंदाला 24 चौकटी. त्या वेगाने तोच चित्रपट 41 मिनिटांत संपतो. संदर्भग्रंथांत त्याची लांबी ‘सुमारे 40 मिनिटे’ अशी आढळते, ती बहुधा यामुळेच. प्रत्यक्षात हात कधी भरभर फिरे, कधी सावकाश. प्रक्षेपकही हाताने फिरवत, आणि शेवटचा खेळ लवकर आटपायचा असला की फिरवणाऱ्याचा हात आपोआप जलद होई. तबलजीने जायचे कुठे?

हा प्रश्न आजही जिवंत आहे. फाळक्यांच्या शंभराच्या आसपास चित्रपटांपैकी फारच थोड्यांची रिळे उरली आहेत, तीही काहींची अपुरी. ‘कालिया मर्दन’ (1919) हा बराचसा उरलेला एक. त्यात कृष्णाची भूमिका फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केली आहे. असे चित्रपट 24 च्या वेगाने दाखवले की पात्रे तुरुतुरु पळतात आणि प्रेक्षक हसतात. त्यांना हसवण्याचा फाळक्यांचा हेतू नव्हता. चूक वेग लावणाऱ्याची आहे.

मग खरा वेग ओळखायचा कसा? येथे अकरावीचे भौतिकशास्त्र कामाला येते. चित्र दीडपट वेगाने दाखवले तर पडणाऱ्या वस्तूचा वेग दीडपट होतो, पण त्वरण दीडाच्या वर्गाने, म्हणजे सव्वादोन पटीने वाढते. 9.8 चे 22 होते. पडद्यावरची माणसे जणू गुरू ग्रहाजवळच्या गुरुत्वाकर्षणात वावरतात (तेथे ते सुमारे 25 आहे). आपल्या डोळ्याला जे ‘खोटे’ वाटते ते बऱ्याच अंशी हेच. आता उलट जाऊ. कोणी 1.8 मीटर उंचीवरून उडी टाकली तर खाली यायला सुमारे 0.6 सेकंद लागतो. फितीवर या उडीला साडेनऊ-दहा चौकटी लागल्या असतील तर कॅमेरा 16 ने चालला होता, बारा लागल्या असतील तर 20 ने. उंची माणसाच्या उंचीवरून अंदाजाने घ्यावी लागते. पण काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने अंदाज दहा टक्के चुकला तरी काळ पाचच टक्के चुकतो. चमत्काराचे प्रसंग मात्र या मोजणीला घेऊ नयेत. तेथे चित्रण करणारा मुद्दाम हात बदलत असे.

बोलपट आला आणि वेग 24 वर पक्का झाला, कारण वेग हलला की गाण्याचा स्वरच चढतो किंवा उतरतो. आता यंत्र कोणासाठी थांबत नाही, माणसानेच वेळ पाळायची. दिसल्यावर हात हलवायला माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतो, तेवढ्यात पाच चौकटी निघून जातात. म्हणून संगीत-संचालकाला पूर्वसूचना हवी. हॉलिवूडमध्ये फितीवर तीन फूट लांबीची तिरपी रेघ ओरखडत. पडद्यावर ती उभी रेघ होऊन एका कडेपासून दुसऱ्या कडेला दोन सेकंदांत सरकते; ती पोचली की ठोका. आजच्या कार्यक्रमांतही संचालकासमोरच्या छोट्या पडद्यावर अशीच रेघ असते. काही वेळा कानात टिकटिकही असते. मिनिटाला 120 ठोके असतील तर दर 12 चौकटींना एक.

एवढे करूनही ध्वनी आपला वेळ घेतोच. 25 अंश तापमानाला तो सेकंदाला 346 मीटर जातो, म्हणजे एका चौकटीच्या काळात जेमतेम 14 मीटर. तंबूत चाळीस मीटर मागे बसलेल्याला थाप जवळजवळ तीन चौकटी उशिरा ऐकू येते. त्याचे फारसे बिघडत नाही. गोदावरीच्या पलीकडच्या काठावर कोणी कपडे आपटत असेल तर आधी दिसते, मग ऐकू येते, याची आपल्याला सवय आहे. उलट आवाज चित्राच्या आधी आला तर तो फार लवकर खटकतो, कारण निसर्गात तसे कधी होत नाही.

शाळेत हे करून पाहता येईल. ‘कालिया मर्दन’मधला झुंजीचा प्रसंग संगणकावर आवाज बंद करून लावावा. चित्रफीत 24 ने उतरवलेली असेल तर 0.75 हा वेग निवडल्यावर ती 18 ने चालते. तबला वाजवणाऱ्या विद्यार्थ्याला एखाद्या ठळक हालचालीवर थाप द्यायला सांगावे. पडदा आणि तबला दोन्ही दिसतील असे मोबाईलवर चित्रण करावे आणि मग एकेक चौकट सरकवत अंतर मोजावे. हात दिसत असल्याने ध्वनीच्या प्रवासाची दुरुस्ती करावी लागत नाही. मोबाईल सेकंदाला 30 चौकटी घेत असेल तर पहिल्या खेपेला थाप सहा-सात चौकटी उशिरा पडेल. तिसऱ्या-चौथ्या खेपेला, प्रसंग ओळखीचा झाल्यावर, ती जागेवर पडू लागेल. कधी थोडी आधीसुद्धा.